शून्य लांबीची रेघ

वह्यांच्या छापखान्यात तिच्याकडे ठिपक्यांचं काम होतं. पानभर फिकट ठिपके पेरलेल्या वह्या असतात ना, त्या. लिहिणाऱ्याने ठिपक्यांच्या आधाराने ओळ धरावी, तक्ता आखावा, काहीबाही चितारावं आणि काम झालं की ठिपके विसरून जावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. सूनबाई काय करतात असं कोणी विचारलं, की सासरे गंभीर चेहऱ्याने सांगत, "ठिपके देते. पानाला हजारभर. सुट्टीच्या दिवशी देत नाही."

काम ऐकायला वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ज्या सॉफ्टवेअरवर ती पानं आखायची, त्यात ठिपका असा नसतोच. वर्तुळं काढता येतात, पण पानावर हजार वर्तुळं ठेवली की संगणक म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा धापा टाकायला लागतो. म्हणून जाणती माणसं रेघ काढतात. रेघ तुटक करायची, प्रत्येक तुकड्याची लांबी शून्य ठेवायची, टोकं गोल करायची. लांबीच नाही म्हटल्यावर उरतात नुसती दोन गोल टोकं, एकमेकांना चिकटलेली. झाला ठिपका. तो केवढा दिसणार हे रेघेच्या जाडीवर. दोन ठिपक्यांत जागा किती, हे वेगळं सांगायचं.

आता मोठ्या वहीचं पान खिशातल्या वहीसाठी लहान करायचं झालं, की सॉफ्टवेअर एक छोटी चौकट समोर करून विचारतं: रेघेची जाडीही त्याच प्रमाणात बदलायची का? छापखान्यात याचं उत्तर ठरलेलं. नाही. ठिपके जवळजवळ आले तरी चालतील, ठिपका तेवढाच राहिला पाहिजे. बारीक झाला तर छपाईत उडतो, जाड झाला तर डोळ्याला खुपतो. फोरमनने तर चिठ्ठीच लिहून तिच्या पडद्याखाली चिकटवली होती: 'जाडीच्या चौकटीला हात लावणाऱ्याचा हात मोडेल.' खाली कोणीतरी पेन्सिलीने विचारलं होतं, 'कोणता?'

सहा वर्षं ती तिथे होती. जिन्यातली मोडकी पायरी घरची माणसं न बघता ओलांडतात, तसा तिचा हात त्या चौकटीवरून जायचा.

तिची मुलगीही सहाच वर्षांची. गालात कायम काहीतरी कोंबलेलं आणि बसायची जागा कायम उंचावर, म्हणून घरात तिला खारू म्हणत. शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं की खारूचा डावा डोळा कमी बघतो. मग डोळ्यांच्या बाईंकडे जाणं झालं. बाईंनी दिव्याखाली डोळा बघितला, तक्ता वाचायला लावला आणि खुर्ची मागे सरकवली.

"डोळा चांगला आहे. आळशी आहे, एवढंच. उजवा सगळं काम करतो म्हणून डावा बसून खातो."

"प्रत्येक घरात एक असतोच," सासरे म्हणाले. ते सोबत आले होते.

बाईंनी चष्मा लिहून दिला आणि उजव्या डोळ्यावर पट्टी. रोज दोन तास, घरीच. त्यातला अर्धा तास जवळचं, बारीक काम. "मणी ओवा, चित्रं रंगवा, ठिपके जोडा. आणि दर आठवड्याला काम थोडं आणखी बारीक करत जा. दहा आठवड्यांनी बघू. डावा डोळा या तक्त्यावर दोन ओळी खाली उतरला, तर हेच चालू ठेवू. नाही उतरला, तर पट्टी दिवसभर. शाळेतसुद्धा."

'ठिपके जोडा' ऐकल्यावर तिला हसू आलं होतं. मुलीच्या बाबतीत डॉक्टर लोक आजवर जे जे सांगत आले, त्यात तिच्या हातचं काही निघायची ही पहिलीच वेळ.

पट्टी शाळेत एकदा जाऊन आली होती. नवऱ्याने, दूरच्या पुलाच्या कामावर परत जाण्याआधी, उत्साहाच्या भरात एका सकाळी खारूला पट्टी लावूनच शाळेत पाठवलं. दुपारी ती घरी आली तेव्हा पट्टी डोळ्यावर नव्हती. बुटात होती, तळव्याला चिकटलेली.

"सगळे विचारतात, तुझा डोळा कुठे गेला," खारू जेवणाच्या टेबलाखालून म्हणाली. ती तिथे जाऊन बसली होती. तिच्यासारखी उंचावर बसणारी मुलगी टेबलाखाली गेली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"घरी ठेवलाय म्हटलं."

"बरोबर सांगितलंस."

"शाळेत नको, आई."

ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली डोकं घातलं. "नाही लावायची शाळेत. घरी रोज नीट केलंस, तर शाळेत लावायची वेळच येणार नाही."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली.

दहा आठवड्यांत दोन ओळी. हा शब्द पाळायचा तर तेवढं व्हायला हवं होतं.

घरात तिचा स्वतःचा म्हणावा असा वेळ एकच होता, सकाळी सहा ते साडेसात. त्या वेळात कोणी तिला हाक मारत नसे. चहा गरम असताना प्यायला मिळे. खिडकीपाशी बसून ती कधी काही वाचायची, कधी स्वतःसाठी काहीतरी काढत बसायची, कधी नुसतीच बसायची. त्या आठवड्यात तिने तिथे बसून खारूचा पहिला कागद आखला. डाव्या अर्ध्यात ठिपक्यांवर काढलेलं चित्र, उजव्या अर्ध्यात नुसते ठिपके. डावीकडचं बघायचं आणि उजवीकडे ठिपके जोडून तसंच काढायचं. चित्रं चार, रोज एक: होडी, घर, मासा, पतंग. ठिपक्यांमधलं अंतर दोन सेंटिमीटर, ठिपका दीड मिलिमीटरचा, रंग फिकट राखाडी. मग दर आठवड्याला सगळं निवडायचं आणि नव्वद टक्के करायचं. दहाव्या आठवड्यापर्यंत ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर येणार होता. तिने हिशेब करून ठेवला होता.

कागद ती जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातच छापून घ्यायची. फोरमन पाठीमागून डोकवायचा.

"हे कोणतं गिऱ्हाईक?"

"घरचं."

"बारीक गिऱ्हाईक आहे," फोरमन म्हणाला आणि पुढे गेला.

दुपारी ती कामावर असताना पट्टीचे दोन तास सासऱ्यांकडे असत. सासरे आयुष्यभर शिंपी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टीला आतून जुन्या मऊ सदऱ्याचं अस्तर लावलं, कडेने बारीक टाके घातले. मग आजोबा-नात खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. खारू उशांवर, आजोबा खुर्चीत. आजोबांना घड्याळ लावायची हौस. किती मिनिटांत कागद झाला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं जाई.

पहिल्या आठवड्यात अठ्ठावीस मिनिटं लागली, त्यातली दहा रडण्यात गेली. चौथ्या आठवड्यात वीस. सातव्यात चौदा. दहाव्या आठवड्यात, चित्र होडीचं असेल तर, नऊ.

"सोप्पं आहे," खारू पायाने टेबल ढकलत म्हणे. "अजून बारीक द्या."

"ऐट बघा," आजोबा म्हणत. "उद्या म्हणेल मुंगीच्या पाठीवर काढून द्या."

संध्याकाळी चप्पल काढता काढता ती आधी कॅलेंडरकडे बघायची. आकडा उतरलेला असायचा. रविवारी फोनवर नवरा म्हणाला, "तुझे ठिपके काम करताहेत." ती म्हणाली, "बघू." पण तिचं मन मानून मोकळं झालं होतं. कागद तिने काढले होते, मुलगी ते भराभर सोडवत होती. आईच्या हातून एवढं सरळ काही होतं तेव्हा ते तपासून बघावंसं वाटत नाही.

दाखवायला सोमवारी जायचं होतं. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली, तर खारू खाली अंगणात खेळायला गेलेली आणि सासरे खिडकीत पेपर लांब धरून वाचायचा प्रयत्न करत बसलेले. चष्मा त्यांनी कुठेतरी ठेवला होता. तो कुठेतरी ठेवणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं मुख्य काम होतं.

"सूनबाई, पुढचे कागद आणखी बारीक करणार असशील तर आधी सांग. म्हणजे चष्मा शोधून ठेवतो."

"कशाला?"

"ठिपक्यांना. अजून तरी लागला नाही."

ती हसली. "तुम्हाला ते चष्म्याशिवाय दिसतात?"

"दिसतात की. पहिल्या दिवसापासून दिसतात."

हसू तिच्या चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहिलं, कारण ते काढून ठेवायला ती विसरली. या माणसाला चष्म्याशिवाय सुईचं नेढं सापडत नव्हतं. औषधाच्या बाटलीवरचं नाव तो तिच्याकडून वाचून घ्यायचा.

"कागद कुठे आहेत बाबा?"

सगळे कागद बिस्किटांच्या डब्यात होते, आजोबांनी आठवड्यावार लावून ठेवलेले. तिने पहिला काढला, दहावा काढला. दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. बाहेर अजून उजेड होता. कोपऱ्यातला ठिपका कोपऱ्यातल्या ठिपक्यावर आणला. वरचा खालच्यावर बरोबर बसला. कुठेही कड बाहेर आली नाही. एकाच साच्यातून पडलेले.

जागा आकसली होती. दोन सेंटिमीटरची पाऊण झाली होती. होडी लहान झाली होती, मासा लहान झाला होता. ठिपका दीड मिलिमीटरचा होता तो दीडच राहिला होता, दहाही आठवडे.

"काय गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"चौकट," ती म्हणाली.

"कसली चौकट?"

तिने सांगितलं. जाडीची चौकट, फोरमनची चिठ्ठी, तुटक रेघ, शून्य लांबी. सासऱ्यांना अर्धं कळलं, पण जे कळलं ते पुरेसं होतं. त्यांनी पेपरची घडी घातली.

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, डोळ्यांच्या बाईंनीच तसं सांगितलंय. ठिपके जवळजवळ आणायचे, असं काहीतरी असेल. मी शिंपी माणूस, गिऱ्हाईक सांगेल ते माप." मग ते म्हणाले, "विचारायला हवं होतं."

"तुम्ही कशाला. माझं काम आहे ते."

खालून मुलांचा कालवा येत होता आणि त्यात खारूचा आवाज सगळ्यात वर होता. कोणीतरी तिला बाद ठरवलं होतं आणि ती ते मानायला तयार नव्हती.

शनिवारी छापखाना अर्धा दिवस. तिने फाईल उघडली, पहिल्या कागदापासून सुरुवात केली आणि चौकटीवर टिक केली. फोरमन मागे उभा होताच.

"हात मोडेल."

तिने मागे न बघता त्यालाही सगळं सांगितलं. फोरमनला घरचं काही सांगायची तिची सवय नव्हती, त्यामुळे एखादं बिघडलेलं पान कसं बिघडलं ते सांगावं, तसंच सांगितलं गेलं. दहा कागद छापून झाले तेव्हा फोरमनने खिशातलं भिंग काढलं, ज्याच्या काचेवरच माप कोरलेलं असतं ते, आणि टेबलावर वाकून एकेका कागदावरचा एकेक ठिपका मोजला.

"दीड. एक पॉईंट पस्तीस. एक पॉईंट एकवीस." शेवटच्या कागदापाशी तो जरा थांबला. "हा छपाईत उडेल असं वाटलं होतं. नाही उडाला." त्याने कागद सारखे करून तिच्या हातात दिले. "पुढच्या वेळी घरचं काम मला दाखवत जा. गिऱ्हाईकाचं दाखवतेस तसं."

दुपारी जेवणं झाल्यावर तिने खारूला उशांवर बसवलं. पट्टी लावली, चष्मा घातला. दहाही कागदांवर होडी ठेवली होती.

"आज गंमत आहे. सगळे कागद एकदम."

"मिनिटं लिहायची?"

"नको लिहायला."

पहिला झाला. दुसरा, तिसरा, चौथा झाला. पाचव्याला खारू कागदाजवळ गेली, इतकी की चष्म्याची काच कागदाला लागेल. पण झाला. सहावा मात्र तिने झपाट्याने काढला. पेन्सिल उचललीसुद्धा नाही. शीड, तळ, डोलकाठी, सगळं जागच्या जागी. होडी झकास झाली होती.

ती कागदावर बघायला वाकली. होडीची एकही रेघ ठिपक्यावर नव्हती. सगळी होडी ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तरंगत होती. दहा आठवड्यांत खारूच्या हाताला होडी पाठ झाली होती: दोन उजवीकडे, एक खाली, चार डावीकडे. बघायची गरजच उरली नव्हती.

"खारू, कोपऱ्यातला ठिपका कुठे आहे? बोट ठेव बघू."

खारूचं बोट कागदावर आलं, थोडं फिरलं आणि कोऱ्या जागेवर टेकलं. "इथे." मग आवाज बारीक झाला. "इथेच असेल ना?"

"जवळच आहे," ती म्हणाली.

उरलेले चार कागद तिने डब्यात ठेवून दिले. सासरे दारात उभे होते. ते आत आले आणि नातीला म्हणाले की आज आजोबांना एकट्याने खाली जायचा कंटाळा आला आहे, कोणी सोबत येईल का. पट्टी काढून झाली, दोघं गेली. ती तिथेच बसली. हाताशी काम नव्हतं म्हणून तिने कॅलेंडरवरचे मिनिटांचे आकडे पुन्हा वाचले. आकडे खरे होते. ते कशाचे होते, एवढंच चुकलं होतं.

सोमवारी डोळ्यांच्या बाईंच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि भिंतीवरचा तक्ता आतून उजळला होता. खारूचा उजवा डोळा बाईंनी हाताने झाकला. खारू एकेक अक्षर वाचत खाली आली. गेल्या वेळी अडली होती ती ओळ तिने पूर्ण वाचली. त्याखालच्या ओळीतली पाचपैकी दोन अक्षरं वाचली, एक चुकवलं, आणि मग म्हणाली, "पुढचं पुसलंय."

बाईंनी दिवा लावला. "एक ओळ. आणि थोडं वर. वाईट नाही, पण दोन हव्या होत्या." त्या लिहू लागल्या. "मग ठरल्याप्रमाणे दिवसभर पट्टी."

उंच खुर्चीवर हलणारे खारूचे पाय थांबले.

इथे मान डोलावून उठता आलं असतं. डोळा आळशी होता, उपाय कमी पडला, एवढंच कागदावर राहिलं असतं, आणि ते कोणाच्याच अंगाशी येणारं नव्हतं. तिने पिशवीतून दोन कागद काढले.

"एक सांगायचं राहिलं. ठिपके बारीक होत गेलेच नाहीत. माझी चूक होती. हा पहिल्या आठवड्याचा आणि हा दहाव्याचा."

बाईंनी कागद दिव्याखाली धरले, एकमेकांवर ठेवले, बाजूला केले.

"हे तुम्ही काढता?"

"हो. माझं कामच ते आहे."

"ठिपके काढायचं?"

"हो."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे बारीक काम हिने केलंच नाही."

"पहिल्या आठवड्याएवढंच, दहा वेळा. शनिवारी मी बरोबर काढून आणले. त्यातला पाचवा हिला जमतो. सहावा दिसत नाही."

"मग ही ओळ कशी आली?"

"पट्टीमुळे असेल. पट्टी रोज लावली. एक दिवस चुकवला नाही."

"असेल. मला सांगता येणार नाही." बाईंनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. "जे करून बघितलंच नाही, ते जमलं नाही असं कसं म्हणू. दिवसभर नको. सहा तास. त्यातला एक तास बारीक काम, आणि या वेळी खरोखर बारीक. दिवसाउजेडी. संध्याकाळी दमलेल्या डोळ्याला जुंपायचं नाही. सहा आठवड्यांनी या." त्यांनी कागद पुढे सरकवला. "तास कुठून आणायचे ते तुम्ही बघा. मला सहा पाहिजेत."

घरी जाताना खारू हात धरून चालत होती, पण नेहमीसारखी फरशीच्या रेघा चुकवत उड्या मारत नव्हती.

"सहा म्हणजे शाळेत लागेल?"

"अजून ठरवायचंय."

"तू नक्की म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. कागद मी चुकवले, खारू. तू नाही चुकलीस."

"सगळे चुकवलेस?"

"पहिला बरोबर होता."

खारूने त्यावर बराच विचार केला. एक दुकान गेलं, दुसरं गेलं, सायकलींची रांग गेली.

"मग मी फास्ट नव्हते?"

ती थांबली. लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. "होतीस. मोठ्या ठिपक्यांवर फास्ट होतीस."

"आजोबांनी नऊ लिहिलंय."

"नऊच लागली होती."

खारूने हात सोडवून घेतला. पुढच्या कोपऱ्यापर्यंत ती दोन पावलं पुढे चालली, एकटी, पाठ ताठ करून. रस्ता ओलांडायच्या वेळी न बघता हात मागे केला. तिने तो धरला.

घरी तिने चुकीच्या कागदांतला एक उलटा केला आणि त्याच्या मागे दिवस आखला. सासरे समोर बसले, चष्मा घालून. खारू त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर.

"शाळा साडेआठ ते दीड. घरी यायला दोन. दोन ते सहा, चार तास. सहानंतर बाई नको म्हणाल्या."

"दोन कमी पडतात," सासरे म्हणाले.

"दोन कमी. आणि या चारातला शेवटचा तास हिचा खेळायचा आहे. पट्टी लावून खाली जावं लागेल." ती खारूकडे वळली. "तुला विचारतेय. खाली पट्टी चालेल की शाळेत?"

खारूने गाल फुगवून घेतला. तिच्या तोंडात सफरचंद होतं. ते संपेपर्यंत दोघं थांबली.

"खाली चालेल. खालच्यांना माहीत आहे डोळा कुठे आहे."

"आणि खेळताना आपटलीस तर?" आजोबांनी विचारलं.

"एरवीपण आपटते."

"हेही खरं."

"मग सकाळचे दोन," ती म्हणाली. "सहा ते आठ. शाळेआधी."

"ही सहाला उठणार?" सासऱ्यांनी नातीच्या पायाला चिमटा काढला. "साडेसातला उठवताना नाकीनऊ येतात. बरं, मी उठतो. मी बसेन हिच्याबरोबर."

गुडघे दुखत असल्याने त्यांना रात्र जागून काढावी लागे आणि पहाटे कुठे डोळा लागे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तुम्ही झोपा बाबा. मी उठलेलीच असते."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. सकाळी त्या खिडकीपाशी कोण बसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पाणी प्यायला उठले तरी त्या वेळी ते तिला हाक मारत नसत. कागदावर जिथे सहा ते आठ लिहिलं होतं, तिथे त्यांनी शिंप्याच्या सवयीने बोटाने एक खूण केल्यासारखं केलं.

मंगळवारी सहाला उजाडलेलं होतं. खारूला तिने पांघरुणासकट उचलून आणलं आणि उशांवर ठेवलं. पट्टी झोपेतच लावली. चष्मा घालताना खारूने एकदा मान झटकली, मग राहू दिला. समोर पाचवा कागद होता, ठिपका एक मिलिमीटरला जेमतेम कमी. होडी नव्हती. घर, मासा, पतंग यांतलंही काही नव्हतं. तिने नवीनच काहीतरी काढलं होतं, नाव नसलेलं, नुसत्या वळणावळणाच्या रेघा. पाठ करायला अवघड.

"हे काय आहे?"

"मलाही माहीत नाही."

खारूने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पेन्सिल हातात घेतली आणि कागदापासून बोटभर वर धरून ठेवली.

"कुठे आहे?"

"शोध."

तिचा स्वतःचा हात आपोआप पुढे होत होता, म्हणून तिने दोन्ही हातांनी कप धरून ठेवला. चहा अजून प्यायली नव्हती. पेन्सिल कागदावर घिरट्या घालत राहिली. एकदा टेकली, ठिपक्याच्या बरीच अलीकडे. खारूने वर बघितलं. कागदाकडे नाही, आईच्या तोंडाकडे. मग पेन्सिल थोडी डावीकडे नेली आणि पुन्हा वर बघितलं.

"आई, तू तिकडे बघ."

"का गं?"

"तू ठिपक्याकडे बघतेस. मला कळतं मग कुठे आहे ते."

ती खुर्चीसकट वळली. समोर खिडकी होती, खिडकीत समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्या, एकाखाली एक. तिने त्या मोजायला घेतल्या. मागे काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. नुसता एका नाकपुडीतून येणारा, कामात गुंतलेल्या मुलाचा श्वास. मग पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

ती वळली नाही.